एका गाण्याचा तपासणी अहवाल

त्या सभेत मी एक शब्दही बोललो नाही, म्हणूनच माझी निवड झाली. बोलणाऱ्यांपैकी कोणावरही कोणाचा विश्वास नव्हता.

सभा आमच्या पिंपळे सौदागरमधल्या सोसायटीची. विषयपत्रिकेवर पाण्याच्या टाकीची दुरुस्ती होती, पण टाकीपर्यंत कोणी पोचलंच नाही. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात आपल्या बँडला सहा मिनिटं मिळावीत, असा अर्ज वर्षालीने दिला होता आणि नमुना म्हणून आपलं गाणं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं. वर्षाली म्हणजे आमच्या समोरच्या दारातली मुलगी. वय सव्वीस, नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात. गाण्याचं नाव ‘निवू द्या’. प्रकार न्यू-मेटल.

माझी चौतीस वर्षं कारखान्यात धातूचे नग तपासण्यात गेली, त्यामुळे मेटल म्हटल्यावर क्षणभर वाटलं, हा आपला विषय. तसं काही नव्हतं. यात गिटारच्या तारा ढिल्या सोडून भरलेला ट्रक चढाला लागल्यासारखा आवाज काढतात. गाणारा आधी हिशेब मागितल्यासारखा भराभर बोलतो आणि मग एकाएकी घशाच्या तळापासून ओरडतो. वर्षालीच्या ओरडण्यातले शब्द मात्र स्वच्छ होते: “थांबा! निवू द्या! मग मोजा!”

तासाभरात ग्रुपवर बासष्ट प्रतिक्रिया आल्या. मी सगळ्या वाचल्या. मी सगळंच वाचतो, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा. रविवारी विहारातलं वाचनालय उघडून बसतो, तिथे कोणी आलं नाही तरी मी असतोच. या सवयीमुळे सोसायटीत माझ्याबद्दल एक गैरसमज आहे, की मला कळतं.

“गुरुजी,” चेअरमन ज्योतीराम तात्या म्हणाले. (मी गुरुजी नाही. कधीच नव्हतो. पंधरा वर्षांपूर्वी दुरुस्ती करायची राहिली.) “तुमी पुस्तकं वाचता. ह्या गान्याचा अर्थ काढा. वंगाळ असंल तर न्हाई म्हनू, चांगलं असंल तर व्हय म्हनू. आठ दिस घ्या.”

मी अपात्र आहे हे सांगणारं एक सभ्य वाक्य मी मनात जुळवायला घेतलं. ते जुळेपर्यंत लोक चहा पिऊन घरी गेले होते.

“तुम्हाला नाही म्हणता येत नाही, हे आता त्यांनाही कळलं,” आमच्या प्रभावतीबाई म्हणाल्या. “मला लग्नाच्या बैठकीतच कळलं होतं.”

कामाला लागलो. गाण्याचा अर्थ कसा काढतात हे मला ठाऊक नव्हतं, पण तक्रारीचा तपास कसा करतात हे ठाऊक होतं. आमच्या कंपनीत गिऱ्हाइकाकडून एखादा नग परत आला की एक छापील फॉर्म भरायचा. तक्रार काय, ती का आली, आणि त्या ‘का’ला पुन्हा का. असं पाच वेळा का विचारलं की मूळ कारण सापडतं, अशी त्या फॉर्मची श्रद्धा होती. शेवटी तीन चौकटी: स्वीकार, नाकार, होल्ड. होल्ड म्हणजे आत्ता ठरवत नाही. त्या नगाला पिवळं लेबल बांधून बाजूला ठेवायचं.

इथे एक कबुली देतो. होल्ड ही माझी चौकट होती. माझ्या मनात शंका नाही असा नग मी जन्मात पाहिला नाही. खात्यात मला ‘होल्ड ओव्हाळ’ म्हणत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी घड्याळ दिलं आणि पोरांनी पिवळ्या लेबलांचा अख्खा गठ्ठा. चेष्टा होती, पण कागद चांगला आहे. पुस्तकात खुणेला घालतो.

तोच फॉर्म मी हाताने आखून घेतला. तेवढ्यात बातमी पसरली आणि लोक मला मदत करायला येऊ लागले.

पहिले तात्या. ते रोज संध्याकाळी सोसायटीभोवती पाच फेऱ्या मारतात. ही जमीन मुळात त्यांच्याच घरची, त्यामुळे फेऱ्या पाहणी केल्यासारख्या असतात. “गुरुजी, तुमी उगा डोकं शिनवू नका. आमच्या गटाची सरकारी मोजनी तीन येळा झाली. तिन्ही येळा हद्द येगळी! पोरगी तेच वरडतीया. ‘थांबा, मग मोजा.’ मला तर तिचं कवतिक वाटतं. पर माझी भावकी सोसायटीत ऱ्हाती, म्हनून उघड बोलता येईना.”

दुसरे सेक्रेटरी रणजीत. ते माण गावातल्या आयटी कंपनीत आहेत आणि समोर उभे असले तरी ई-मेल करतात. त्यांच्या मते हे गाणं घरोघरी पाण्याचे मीटर बसवण्याच्या समितीच्या ठरावाविरुद्ध होतं. तारखांचा तक्ता सोबत जोडला होता. माझ्याकडे प्रिंटर नसल्याने मी तो वहीत उतरवून घेतला. उतरवताना तो पटूही लागला. माझं हे असं होतं. समोरच्याचं अक्षर माझ्या हातून लिहिलं गेलं की ते मला माझंच मत वाटतं.

तिसऱ्या मंजुळाबाई. वर्षालीची आई, मूळ लातूरकडची, आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. त्या आल्या तेव्हा हातात झाकलेली ताटली होती. धपाटे. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि झाकण काढलं नाही.

“भाऊ, खरं सांगा. ते गाणं माज्यावर हाय का?”

मी म्हटलं, अजून तपास चालू आहे.

“मागल्या महिन्यात वर्षीला बघायला लोक आले, ते मीच बोलावले होते. ती शिफ्टवरून आली, पाणी बी पिली नव्हती, आन त्यांनी उंची इचारली, पगार इचारला. गेले आन नाही म्हणून कळवलं. तवापासून हे गाणं. मोजा, मोजा करून लेकरू कुणाच्या नावानं ओरडायलंय, मला कळंना का?” त्यांनी पदराने ताटलीची कड पुसली. ती स्वच्छच होती. “समोर बसून ऐक म्हणते. सगळ्या सोसायटीत माज्या तोंडावर ऐकू? तुम्ही बस म्हणलात तर बसते, भाऊ. नाहीतर त्या दिवशी मी बहिणीकडं देहूला जाते. मग पुढं तिचं तिला आन माजं मला.”

त्या गेल्या. प्रभावतीने झाकण काढलं. धपाटे चार होते. मी ते मोजले आणि पुन्हा झाकून ठेवले. सोसायटीने सहा मिनिटांचा निर्णय मागितला होता. पण माझ्या चुकीने समोरच्या दारातल्या मायलेकी एकमेकींना दुरावणार होत्या. असल्या कामाला होल्ड ओव्हाळ नेमणं हीच मुळात चूक, असं मी फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं.

मंगळवारी दुपारी मी ठरवलं, की लोकांचं ऐकणं पुरे, आता गाणं ऐकायचं. माझ्या भाच्याने दिलेले, बाहेरचा आवाज पूर्ण अडवणारे बिनतारी हेडफोन आहेत. ते कानाला लावले, डोळे मिटले, फोनवर गाणं सुरू केलं. काही ऐकू येईना. वाटलं, हळू सुरू होत असेल. आवाज वाढवला. तरी शांतता. मी वहीत नोंद केली: ‘सुरुवात अत्यंत संयत. शांततेचा धाडसी वापर.’ आवाज शेवटपर्यंत वाढवला. नोंद: ‘शांतता अधिक गडद होते. श्रोत्याला अंतर्मुख करण्याचा हेतू असावा.’ मी खरोखर अंतर्मुख झालो होतो.

घडलं होतं ते असं. दर मंगळवारी खाली क्लब हाउसमध्ये भजनी मंडळ बसतं. त्यांच्या मोठ्या स्पीकरला तंबोऱ्याचा सूर मीच माझ्या फोनवरून लावून देतो. सोसायटीतलं माझं हे एकमेव तांत्रिक पद. क्लब हाउस बरोबर आमच्या दिवाणखान्याखाली आहे. माझ्या फोनला ते नातं आठवलं आणि हेडफोनला ओळख न दाखवता तो थेट खालच्या स्पीकरला जाऊन भेटला. वर मी शांततेचा आस्वाद घेत असताना खाली अठरा बायकांच्या मधोमध, पूर्ण आवाजात, ट्रक चढाला लागला होता.

दाराची बेल मला हेडफोनमुळे ऐकू आली नाही. प्रभावतीने दार उघडलं. डोळे उघडले तेव्हा समोर मंजुळाबाई उभ्या होत्या, हातात टाळ तसेच.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “तुम्ही पण?”

ते दोन शब्द मला चौतीस वर्षांतल्या कुठल्याही मेमोपेक्षा जास्त लागले. मी बुधवारभर घराबाहेर पडलो नाही. मंगळवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये एका लहान मुलाने माझ्याकडे बोट दाखवून आईला काहीतरी सांगितलं होतं. कदाचित ते लिफ्टच्या बटणाबद्दल असेल, पण मी धोका पत्करला नाही.

गुरुवारी मात्र निघालो. गुरुवार हा एमआयडीसीचा सुट्टीचा दिवस. बाकी जगाचा रविवार असतो तसा आमच्याकडे कारखान्यांचा गुरुवार. वर्षालीचा बँड त्या दिवशी चाकणला एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये सराव करतो. शेड गिटारवाल्या विक्कीच्या मामाची. मी दोन बस बदलून पोचलो. एका बाजूला निम्म्या झालेल्या जिन्याचे लोखंडी कठडे, एका बाजूला ड्रम, आणि मधे माझ्यासाठी वेल्डरचं स्टूल.

“काका! तुम्ही इतक्या लांब?” वर्षाली म्हणाली. “आईने पाठवलं?”

“नाही. मला पाच प्रश्न विचारायचे आहेत. फॉर्म आहे.”

तिने फॉर्म पाहिला आणि हसली. त्यांच्याकडेही तोच चालतो, फक्त आता संगणकावर. “विचारा.”

“ओरडतेस का?”

“हळू सांगितलं तेव्हा कोणी थांबलं नाही म्हणून.”

“का थांबलं नाही?”

“गाडी भरायची घाई होती. ग्राइंडिंगवरून नुकतेच निघालेले नग, हाताला चटके बसत होते. मी म्हटलं, सर, निवू द्या. सर म्हणाले, मोज. दोन मायक्रॉन जास्त आले. दोनशे नग नाकारले. गाडी अडली म्हणून चुकांच्या फलकावर माझं नाव गेलं. तासाभराने निवल्यावर तेच नग बरोबर निघाले.”

“मग नाव का नाही पुसलं?”

“पुसायचा रकानाच नाही फॉर्ममध्ये.”

तो फॉर्म बहुधा आमच्या काळातलाच असावा. मी घाईने पुढच्या प्रश्नाकडे वळलो. “मग हे सगळं नगांचं आहे. गाण्यात माणूस का?”

ती ड्रमच्या कडेवर बोट फिरवत राहिली. “त्याच दिवशी घरी आले तर पाहुणे बसलेले. बूट काढायच्या आत उंची विचारली. काका, मी अजून कंपनीतच होते. डोकं निवलं नव्हतं.” मग म्हणाली, “तुम्ही गाणं कुठपर्यंत ऐकलंत?”

मी खरं सांगितलं. मंगळवारच्या शांततेनंतर मी ते एकदा नीट ऐकलं होतं. एक मिनिट दहा सेकंद. नंतर बंद केलं होतं.

“सगळ्यांनी तिथेच बंद केलंय,” विक्की म्हणाला. “ग्रुपवर बासष्ट जण बोलले काका, पण तिसऱ्या मिनिटाबद्दल एक माणूस बोलला नाही राव.”

मला फार लाज वाटली. न आवडलेलं पुस्तकही मी शेवटच्या पानापर्यंत वाचतो, लेखकाने एवढे कष्ट घेतले म्हणून. आणि समोरच्या दारातल्या मुलीचं साडेपाच मिनिटांचं गाणं मी एक मिनिट दहा सेकंदांवर होल्डला टाकलं होतं.

त्यांनी ते वाजवलं. सुरुवातीला स्टूल हललं, मग मी. मी स्टुलाची कड धरून बसलो. तिसऱ्या मिनिटाला सगळं थांबलं. ड्रम नाही, ट्रक नाही. विक्कीची एकच तार, आणि वर्षालीचा साधा, घरातला आवाज:

“सगळे गेले. एक जण थांबली.
पंखा लावला. पाणी ठेवलं.
तासभर काही विचारलं नाही.
मग म्हणाली, जेव.”

आणि मग पुन्हा तेच शब्द, “निवू द्या, मग मोजा.” पण या वेळी ते ओरडणं वेगळ्याच बाजूने आल्यासारखं वाटलं. मी चष्मा पुसला. शेडमध्ये धूळ फार होती, असं मी त्यांना सांगितलं.

“हे आईला सांगू?” मी विचारलं.

“अजिबात नाही! तुम्ही अर्थ लिहून दिलात तर आई तुमचा अहवाल ऐकेल. मला तिने गाणं ऐकायला हवंय. शपथ घ्या काका.”

शपथ घेतली. मग आठवलं, पाचवा प्रश्न राहिला. “पण निवल्याशिवाय मोजू नये, हे तुझ्या मनाला एवढं का लागलंय?”

वर्षालीने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं प्रश्न चुकला. “काका, तुम्हीच शिकवलंत. सहावीत असताना मी तुमच्याकडे यायचे. चहाचा गरम पेला सोडून मी त्याच हाताने खिळ्याची जाडी मोजायला तो मायक्रोमीटरला लावला. तुम्ही म्हणालात, ठेव खाली. वस्तू आधी निवू द्यावी. नाहीतर चूक मोजणाऱ्याच्या हाताची असते आणि नाव वस्तूचं जातं.”

मला हे आठवत नव्हतं. आजही नीट आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, एवढं लांब दुसरं कोणी बोलत नाही. मी फॉर्ममधल्या ‘मूळ कारण’ या रकान्यात लिहिलं: भि. ओव्हाळ. चौतीस वर्षांत शेकडो मूळ कारणं शोधली, त्यांत माझं नाव पहिल्यांदाच आलं. परतीच्या बसमध्ये मी तो कागद तीनदा काढून पाहिला.

शनिवारी समितीपुढे जायच्या आधी शेवटच्या चौकटी भरायच्या होत्या. शपथेमुळे अर्थ लिहिता येत नव्हता, आणि पुरावा न जोडता मी कधी काही स्वीकारलं नव्हतं. पेन सवयीने तिसऱ्या चौकटीकडे गेलं.

“भरा ना,” प्रभावती मागून म्हणाली. “मला एकदा हो म्हणालात, त्याला बेचाळीस वर्षं झाली. आता दुसऱ्यांदा कशाला तरी म्हणा.”

मी पहिल्या चौकटीत खूण केली. सवय नसल्याने ती थोडी बाहेर गेली. खाली लिहिलं: ‘अट: पूर्ण ऐकावे. मधेच उठू नये.’

समितीत तात्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “गुरुजी, ह्यात अर्थ कुटं हाय?”

“तिसऱ्या मिनिटाला,” मी म्हणालो.

“मंग पयली दोन मिन्टं कशापायी?”

“निवायला वेळ लागतो, तात्या.”

हे मी कसं बोललो, मला कळलं नाही. तात्यांनी रणजीतकडे पाहिलं, रणजीतनी मोबाईलकडे. “बरं. गुरुजींचा शबूद हाय म्हनल्यावर व्हय,” तात्या म्हणाले. माझा शब्द नावाची वस्तू सोसायटीत शिल्लक आहे, हे मला तेव्हा कळलं.

घरी आलो तर मंजुळाबाई दारात. “बसू का, भाऊ?”

“बसा.”

“माज्यावर हाय?”

हो म्हटलं तर त्या देहूला जाणार, नाही म्हटलं तर खोटं. “पूर्ण बसा,” एवढंच म्हणालो आणि चपला न काढताच घरात शिरलो.

रविवारी संध्याकाळी वर्धापनदिनाला क्लब हाउस भरलं. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांना मी दुपारीच पिवळी होल्डची लेबलं बांधून ठेवली होती, एक मंजुळाबाईंसाठी आणि एक माझ्यासाठी. लहान मुलांची नाच-गाणी झाली, तात्यांचं भाषण झालं, मग विक्कीने तार छेडली आणि समोशाच्या कागदी बश्या टेबलावर सरकू लागल्या. मुलं उड्या मारू लागली. पहिल्या किंचाळीला भजनी मंडळाच्या दोन रांगा उठल्या. रणजीतनी कानावर हात ठेवले आणि त्याच हाताने काही टाइप करायचा प्रयत्न केला. मागे तात्या कोणालातरी ओरडून सांगत होते, “आमच्या गटाचं हाय! आमच्या गटाचं!”

दुसऱ्या मिनिटाला मंजुळाबाई उठल्या. चेहरा पांढरा पडला होता. वर्षालीने ते पाहिलं. तिचा आवाज हलला, पण ती थांबली नाही.

मी जन्मात कोणाला आज्ञा केलेली नाही. पण तेव्हा मी म्हणालो, “बसा, मंजुळाबाई!” नेमकं त्याच क्षणी गाणं तिसऱ्या मिनिटाला पोचलं आणि सगळं थांबलं. माझे ते दोन शब्द अख्ख्या क्लब हाउसमध्ये एकटेच घुमले. दीडशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मंजुळाबाई नुसत्या आश्चर्याने खाली बसल्या.

आणि त्या शांततेत वर्षाली गाऊ लागली. सगळे गेले. एक जण थांबली.

मी मंजुळाबाईंकडे पाहिलं नाही. पाहणं बरं दिसलं नसतं. फक्त पिवळं लेबल हातात घेऊन त्या ते बोटाभोवती गुंडाळत आहेत, एवढं कडेने दिसत होतं. “पाणी ठेवलं” या ओळीला लेबल थांबलं.

“पंखा दोनवर होता,” त्या हळूच मला म्हणाल्या. “तीनवर ठेवला की कुरकुरतो. तिचं डोकं दुखलं असतं.”

मग पुढची दोन मिनिटं पुन्हा ट्रक चढाला लागला आणि त्या तशाच बसून राहिल्या, पाठ ताठ, टाळ्यांची वेळ येईपर्यंत.

गाणं संपलं. वर्षाली घामाने निथळत खाली आली. मुलं धावली, विक्कीचे मित्र धावले, तात्या हार घेऊन निघाले, रणजीतना मीटरबद्दल खुलासा हवा होता, आणि मलाही, खोटं कशाला बोलू, तिने काहीतरी विचारावं असं वाटत होतं. पण मंजुळाबाई आधी पोचल्या. त्यांनी खुर्ची ओढली, मुलीला बसवलं, कोपऱ्यातला उभा पंखा फिरवून तिच्याकडे केला आणि त्याचं बटण दोनवर ठेवलं. पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. मग मागे वळून दोन्ही हात पसरले आणि चेअरमनसकट सगळ्यांना अडवलं.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “निवू द्या तिला.”

तात्या हार धरून उभे राहिले. रणजीतनी फोन खिशात घातला. प्रभावतीने गर्दीत माझा हात धरला, जो ती सहसा चारचौघांत धरत नाही. निवृत्तीचं घड्याळ मनगटावर होतं, पण त्यात मी पाहिलं नाही. वर्षाली आपण होऊन उठेपर्यंत आम्ही सगळे उभे राहिलो.